शिवणीतली माया

गेल्या अंकात बोलता बोलता आमच्या गटाबद्दल चार ओळी लिहून गेले होते. एक प्रोग्रामर, एक कापडाचं डिझाइन करणारी, एक संगीतवाला, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (आजार किंवा अपंगत्व असतानाही रोजची कामं करता यावीत म्हणून मदत करणारी) म्हणून मी, आणि ज्यांच्यासाठी वस्तू करायची ती माणसं, असे सगळे एका टेबलाभोवती बसून आम्ही संशोधन करतो, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आली की नेहमीची मानदुखी-पाठदुखी या महिन्यापुरती रजेवर पाठवली आहे. पत्रं लांबलचक होती, कात्री लावली आहे. नावं काढली आहेत.

प्रश्न: ताई, माझ्या आईला स्मृतिभ्रंश होऊन सहा वर्षं झाली. ती मला कधी मुलगी समजते, कधी धाकटी बहीण. एका विद्यापीठातल्या गटाने आम्हा दोघींना कार्यशाळेला बोलावलं आहे. कापड, लोकर, दिवे, आवाज वापरून ‘तिच्यासाठी आणि तिच्यासोबत’ काहीतरी बनवणार आहेत म्हणे. जिला स्वतःचं वय सांगता येत नाही, ती संशोधनात काय भर घालणार? आणि तिच्या वतीने मी परस्पर ‘हो’ म्हणणं बरोबर आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते, कारण तो तुम्हाला पडला याचंच मला बरं वाटलं.

फॉर्मवर सही तुम्ही कराल. कायद्याने, नियमाने जे लागतं ते तिथे होईल. पण ती कागदाची संमती झाली. आईची संमती त्या दिवशी, त्या खोलीत आणि दर दहा मिनिटांनी नव्याने घ्यावी लागते. आमच्या गटात तिला आम्ही ‘चालू संमती’ म्हणतो. आई ‘नाही’ कशी म्हणते हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? हात मागे घेते? मान भिंतीकडे वळवते? उठून दाराशी जाऊन उभी राहते? ‘किती वाजले’ हेच पाचदा विचारते? पहिल्याच भेटीत ही ‘नाही’ची यादी गटाला सांगा. त्यांनी ती लिहून घेतली तर जा. ‘हो हो, बघू आपण’ म्हणाले, तर घरी बसून दोघी गाणी ऐका, ते जास्त बरं.

आता भर काय घालणार ते. आमच्या पहिल्या मोठ्या फजितीची गोष्ट सांगते.

दोन्ही हात आत घालता येतील अशी लोकरीची एक नळी आम्ही तयार केली होती. जुन्या स्वेटरची बाही कापून, तिच्यात वीज वाहणारा धागा ओवून, आतल्या बाजूला एक बटण टाकलेलं. बटण ओढलं की पक्ष्यांचा आवाज येणार. सात आठवडे लागले. धागा तुटायचा, लोकर ताणली की आपोआप पक्षी ओरडायचे. शेवटी एकदाचं जमलं आणि आम्ही ती नळी एका आजींच्या मांडीवर ठेवली. त्यांनी हात घातला, बटण हाती लागलं, पक्षी बोलला. आजींनी दचकून छताकडे पाहिलं आणि हात बाहेर काढले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्यांनी ती नळी सरळ उलटी केली. आत शिवणीला स्वेटरची मूळ चिठ्ठी होती, धुण्याच्या सूचनांची. ती काढायची आमच्या डिझाइनरकडून राहून गेली होती. अंगठा आणि तर्जनीत ती गुळगुळीत चिठ्ठी धरून आजी चोळत बसल्या. वीस मिनिटं. खांदे खाली आले, श्वास संथ झाला, मध्येच एकदा स्वतःशीच हसल्या. आमचा प्रोग्रामर माझ्याकडे बघत होता आणि मी चिठ्ठीकडे.

पुढच्या नळीत पक्षी नव्हते. नऊ पट्ट्या होत्या: सॅटिन, कॉर्डरॉय, जाड कॅनव्हास, मखमल, असं काय काय. त्यातल्या तीन आजींनी पहिल्याच दिवशी उपटून काढल्या. मखमल तर अशी ओढली की टाके सुटले. संशोधनाच्या वहीत त्या तीन उपटलेल्या पट्ट्या ‘मत’ म्हणून नोंदल्या गेल्या, आणि मला विचाराल तर त्या वहीतली ती सगळ्यात स्पष्ट नोंद आहे. उरलेल्या सहांपैकी एका पट्टीखाली प्रोग्रामरने हळूच एक छोटी मोटर ठेवली. चोळलं की मांजर गुरगुरल्यासारखी थरथर हाताला लागते. ती आजींनी ठेवून घेतली.

तेव्हा तुमची आई काय देणार? बोटांची पसंती देईल. तिला वय आठवलं नाही तरी खरखरीत आणि मऊ यांतलं हवं ते निवडता येतं, आणि वस्तू बनवणाऱ्याला तीच माहिती लागते. वेल्समधल्या कार्डिफ मेट्रोपॉलिटन विद्यापीठात कॅथी ट्रेडअवे आणि त्यांच्या सोबत्यांनी याच वाटेने बरंच काम केलं. स्मृतिभ्रंश खूप पुढे गेलेल्या माणसांसाठी त्यांनी केलेली ‘हग’ नावाची वस्तू आता बाजारातही आली आहे. मऊ बाहुलीसारखी आहे. लांब हातांत वजन भरलेलं असतं, त्यामुळे जवळ घेतली की तिचेच हात आपल्या गळ्याभोवती पडतात. आत हृदयासारखे ठोके पडत असतात, शिवाय त्या माणसाच्या आवडीची गाणी घालता येतात. यात तंत्रज्ञान किती? ठोके देणारी मोटर आणि गाणी वाजवणारा छोटासा भाग. बाकी सगळं वजन, पोत आणि मिठी.

एक सावधगिरी. कार्यशाळेत कुणी जुने फोटो काढून ‘आजी, हे कोण, आठवतं का?’ सुरू केलं, तर नम्रपणे थांबवा. ती परीक्षा होते आणि तुमची आई ती नापास होते, सगळ्यांदेखत. स्कॉटलंडमध्ये डंडी आणि सेंट अँड्र्यूज विद्यापीठांतल्या लोकांनी गप्पांना मदत करणारी ‘सर्का’ नावाची टचस्क्रीन प्रणाली केली. तिच्यात त्यांनी मुद्दाम घरचे फोटो न ठेवता त्या काळातली सगळ्यांच्या ओळखीची चित्रं, गाणी, दृश्यं ठेवली. घरच्या फोटोला एकच बरोबर उत्तर असतं. जुन्या बाजाराच्या चित्राला कितीही उत्तरं चालतात.

प्रश्न: आम्ही इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे चौघे आहोत. अंध मुलांना चित्र ‘ऐकता’ यावं असं अ‍ॅप करतोय. मार्गदर्शक म्हणतात, वापरणाऱ्यांना सहभागी करून घ्या. आमचं वेळापत्रक असं: आठ महिने बांधणी, नवव्या महिन्यात एका शाळेत चाचणी. एवढं पुरेसं आहे ना?

नाही.

पोरांनो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी शिवणयंत्र असेल तर विचारून बघा. कपडा शिवताना शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, त्याला ‘माया’ म्हणतात. अंग भरलं, मूल वाढलं, माप चुकलं, तर उसवून सैल करता यावं म्हणून. आठ महिने बांधून झाल्यावर तुमच्या अ‍ॅपमध्ये माया कुठे उरते? नवव्या महिन्यात एखाद्या मुलीने सांगितलं, ‘दादा, मला हे ऐकायचंच नाहीये’, तर तुम्ही काय उसवणार? सबमिशन पंधरा दिवसांवर.

आणि ती तसं म्हणणारही नाही, ही त्याहून मोठी अडचण आहे. चार दादा लॅपटॉप घेऊन एवढ्या उत्साहाने आलेत म्हटल्यावर ती म्हणेल, ‘छान आहे’. मी इतक्या वर्षांत हजारो ‘छान आहे’ ऐकले असतील. वस्तू जितकी चकचकीत, तितकं ‘छान आहे’ लवकर येतं. अर्धवट, ओबडधोबड गोष्टीला नावं ठेवायला माणूस कचरत नाही. म्हणून ओबडधोबडच न्या.

याचं मला आवडणारं उदाहरण ४० वर्षांहून जुनं आहे. १९८१ ते १९८५ या काळात स्वीडन-डेन्मार्ककडे ‘युटोपिया’ नावाचा प्रकल्प झाला. वर्तमानपत्राची पानं लावायचं काम संगणकावर जायला लागलं होतं आणि छपाई कामगारांच्या संघटना संशोधकांबरोबर बसून ठरवत होत्या की, येणारं यंत्र आपल्याला कसं हवं. यंत्र तर हाताशी नव्हतं. मग त्यांनी प्लायवूड आणि पुठ्ठ्याची यंत्रं केली. एका रिकाम्या खोक्यावर नुसतं ‘लेझर प्रिंटर’ लिहिलं आणि त्याच्याभोवती कामगारांनी खऱ्यासारखं काम करून दाखवलं: इथे माझा हात पुरत नाही, इथे दोघांना एकदम बघता यायला हवं. खोक्याला नावं ठेवायची कुणाला भीड? नको वाटलं तर पुठ्ठा कापायचा, दुसरा लावायचा.

तुमच्या बाबतीत सांगायचं तर पहिल्या महिन्यात लॅपटॉप घरी ठेवून जा. सुतळी, चिकणमाती, बाटल्यांची झाकणं, सँडपेपर न्या. मुलांना काहीतरी करायला द्या आणि गप्प बसा. त्यांना दुसऱ्याचं चित्र ऐकण्यापेक्षा स्वतः चित्र काढून ते पुन्हा बोटांनी शोधायचं असेल, तर तुमचा प्रकल्पच बदलेल. पहिल्या महिन्यात तो बदलला तर नुकसान काही नाही. आणि चौघांत एखादा अंध विद्यार्थी पाचवा म्हणून घ्या, प्रोग्रामिंग करणारे अंध लोक काही दुर्मिळ नाहीत. ‘वापरकर्ता’ म्हणून नव्हे, तर गटातला म्हणून, प्रमाणपत्रावर नावासकट.

जाता जाता: शेरी अर्नस्टाइन या बाईंनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. विषय अमेरिकेतल्या शहर-नियोजनाचा होता, पण शिडी आम्ही सगळ्यांनीच उचलून घेतली. तळाच्या दोन पायऱ्यांना त्या सहभाग मानतच नाहीत, लोकांना नुसतं गुंडाळणं म्हणतात. त्यांतल्या दुसरीचं नाव त्यांनी ठेवलंय ‘थेरपी’. आपल्या पेशाचं नाव असं तळाशी वाचून मला पहिल्यांदा रागच आला होता. आता येत नाही. तुमची नवव्या महिन्यातली चाचणी चौथ्या पायरीवर येते: सल्लामसलत. म्हणजे विचारलं, पण ऐकायचं बंधन नाही.

प्रश्न: कला म्हणजे औषधच, असं जागतिक आरोग्य संघटनेने सिद्ध केलंय असा मेसेज फिरतोय. खरं आहे का?

अर्धं. संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये डेझी फॅनकोर्ट आणि सिअर्शा फिन यांचा एक मोठा अहवाल काढला. कला आणि आरोग्य यांचा संबंध तपासणारे ३००० हून जास्त अभ्यास त्यांनी पाहिले, आणि आजार टाळण्यापासून ते आजारपण निभावण्यापर्यंत कलेचा उपयोग होतो असं म्हटलं. पण तो अहवाल म्हणजे कुठे कुठे काय काम झालंय याचा नकाशा आहे. अमुक आजाराला तमुक इतके तास गायन, असा डोस त्यात सापडणार नाही. मेसेज पाठवणाऱ्याला विचारा, गोळ्या बंद करायला सांगतोय का. तसं असेल तर त्या ग्रुपमधून बाहेर पडा, तब्येतीला लगेच बरं वाटेल.

प्रश्न: मला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी. वय ४१. बोलणं संथ आहे, डोकं नाही. गेल्या दहा वर्षांत तीन संशोधन-गटांत गेलो. त्यांतल्या एकाने हाताच्या हालचालीवर सूर काढणारं यंत्र दिलं होतं. पाच महिने मी रोज वाजवत होतो, दोन धून बसवल्या होत्या. प्रकल्प संपला तसं यंत्र परत नेलं. त्यांच्या प्रबंधात माझा फोटो आहे, खाली ‘सहभागी ४’ लिहिलंय. आता चौथ्या गटाचं बोलावणं आलंय. जावं का?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग थोडा वेळ टेबलावर पालथं ठेवलं, कारण मीही एकदा असं यंत्र परत आणलं आहे.

निधी संपला होता, वस्तूची नोंद संस्थेच्या साठा-पुस्तकात होती, जमा करणं भाग होतं. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्या दिवशी ती सांगताना माझी मलाच लाज वाटत होती. यंत्राचा स्टँड त्या गृहस्थांच्या व्हीलचेअरच्या हाताला स्क्रूने बसवलेला होता. मी स्क्रू काढायला लागले तर ते म्हणाले, ‘स्टँड तरी राहू द्या.’ स्टँड साठा-पुस्तकात नव्हता, म्हणून राहिला. पुढे कधीतरी भेटले तर त्याला पिशवी अडकवलेली होती. ‘उपयोगी आहे हं तुमचं संशोधन,’ म्हणाले. मला हसावं की काय करावं कळेना.

त्यानंतर आमच्या गटात एक नियम झाला. प्रकल्प मागायच्या अर्जातच शेवटाचं लिहायचं: वस्तू कुणाकडे राहणार, बिघडली तर कोण दुरुस्त करणार, त्याचा खर्च कुठून येणार. हे लिहिता येत नसेल तर वस्तू द्यायची नाही, बाजारात मिळणारं काहीतरी वापरायचं.

तुम्ही जा. पण पहिली बैठक तुमच्या अटींवर होऊ द्या. प्रश्न आदल्या दिवशी लेखी मागवा. उत्तरं तुमच्या वेगाने तयार करता येतील, आणि खोलीतली माणसं तुमची वाक्यं मध्येच पुरी करणार नाहीत. मग शेवटाचं विचारा, वर लिहिलंय तसं. लेखी मागा. त्यांनी बनवलेल्या वस्तूचा आराखडा आणि प्रोग्राम खुला असणार का, हेही विचारा. हा प्रश्न त्यांना तांत्रिक वाटेल, तुमच्यासाठी तो फार घरगुती आहे. खुला असेल तर उद्या ते निघून गेले तरी ओळखीचा एखादा हुशार पोरगा वस्तू दुरुस्त करू शकतो. २००९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये टेम्प्ट वन या ग्राफिटी, म्हणजे भिंतींवर चित्रं-अक्षरं काढणाऱ्या, कलावंतासाठी काही कलाकार आणि प्रोग्रामर एकत्र आले. एएलएस या आजाराने त्याचं सगळं शरीर थांबलं होतं, डोळे चालत होते. साध्या चष्म्याची फ्रेम आणि व्हिडिओ गेमचा स्वस्त कॅमेरा यांतून त्यांनी ‘आयरायटर’ बनवलं आणि तो पलंगावरून डोळ्यांनी पुन्हा चित्रं काढू लागला. ती चित्रं प्रोजेक्टरने शहरातल्या इमारतींवर पडली. बनवायची सगळी कृती त्यांनी सर्वांसाठी खुली ठेवली. इमारतीवरच्या चित्रापेक्षा मला त्या गोष्टीत हे जास्त मोठं वाटतं.

नावाचं. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समित्या नाव लपवायला सांगतात ते तुमच्या रक्षणासाठी, पण तुम्हाला नको असेल तर ते रक्षण नाकारता येतं. दोन धून बसवणारा माणूस ‘सहभागी ४’ कसा? तो संगीतकार आहे. संमतीपत्रात ‘माझं नाव माझ्या कामासोबत यावं’ असा पर्याय नसेल तर पेनाने लिहा. आणि मानधन मागा, येण्या-जाण्याचा खर्च वेगळा. खोलीतल्या बाकी सगळ्यांना त्या तासांचे पैसे मिळत असतात.

कुणी कपाळाला आठी घातलीच, तर अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार काढा आणि कलम ३० वाचून दाखवा. त्यात म्हटलंय की, अपंग व्यक्तींना आपली सर्जनशील, कलात्मक, बौद्धिक क्षमता वाढवायची आणि वापरायची संधी मिळायला हवी, आणि ती केवळ त्यांच्या भल्यासाठी नाही, समाज समृद्ध व्हावा म्हणूनसुद्धा. हा दुसरा भाग सावकाश वाचा. तुमचं बोलणं संथ आहे ते इथे कामाला येईल.

त्या दोन धून लिहून किंवा रेकॉर्ड करून ठेवल्या आहेत का? नसतील तर चौथ्या गटाचं पहिलं काम तेच असू दे.

प्रश्न: मी विशेष मुलांच्या वर्गाची शिक्षिका आहे. तुमच्यासारखा गट आमच्याकडे नाही, प्रोग्रामिंग येत नाही, पैसेही बेताचे. सुरुवात कुठून करू?

बाई, सुरुवात मुलाकडे बघण्यापासून करा, तेही यंत्र घ्यायच्या आधी. एक मूल निवडा आणि आठवडाभर एवढंच टिपा: त्याची कुठली हालचाल त्याच्या मर्जीने होते? भुवई? डावा अंगठा? मानेचा झोका? आमच्या एका मुलाचे दोन्ही हात आम्ही महिनाभर बघत होतो. मर्जीतला अवयव होता उजव्या पायाचा अंगठा, आणि तो बुटात होता. बूट काढल्यावर कळलं. बूट त्याच्या मावशीने काढला, आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही.

हालचाल सापडली की दोन गोष्टी बघा. एक ‘मेकी मेकी’ नावाची छोटी पाटी, एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या जे सिल्वर आणि एरिक रोझेनबॉम यांची. संगणकाला ती कीबोर्डच वाटते. पाटीला तारांनी चिमटे जोडायचे: एक चिमटा मुलाच्या अंगाला टेकेल असा, दुसरा केळ्याला, मळलेल्या कणकेला, अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाला किंवा पेन्सिलीने गडद गिरवलेल्या रेघेला. मुलाने स्पर्श केला की सर्किट पुरं होतं आणि संगणकाला वाटतं कळ दाबली. पाटीवरचा रोध इतका जास्त ठेवलाय की मिठाच्या कणकेतून, माणसाच्या कातडीतून जाणारा अगदी नगण्य प्रवाहही तिला पुरतो. त्यामुळे हाताला काहीही जाणवत नाही. प्रोग्रामिंग लागत नाही.

दुसरं, ‘औमी’. हे मोफत सॉफ्टवेअर आहे. कॅमेऱ्यासमोरची हालचाल टिपून आवाज काढतं, अंगाला काही जोडावं लागत नाही. संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरोस यांनी २००७ च्या सुमारास हे काम सुरू केलं. फार कमी हालचाल करू शकणाऱ्या मुलांना ढोलाच्या वर्गात सगळ्यांबरोबर वाजवता यावं म्हणून. त्यांच्यासोबत लीफ मिलर होती, ढोल वाजवणारी आणि पेशाने ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आमच्या जातकुळीचं कुणी अशा गोष्टीत दिसलं की मी ते सांगितल्याशिवाय राहत नाही.

सुरुवातीला एक हालचाल, एक आवाज, बस. आणि मग वाट बघा. मनातल्या मनात वीसपर्यंत मोजा. आपण मोठी माणसं पाचलाच मुलाचा हात धरून केळ्यावर ठेवतो, टाळ्या वाजवतो आणि ‘केलं, केलं!’ म्हणतो. केलं आपण. मुलाला ते बरोबर कळतं, आणि पुढच्या वेळी ते आपल्या हाताची वाट बघत बसतं.

वर्गात एका मुलापाशी हे जमलं की बाकीच्यांना त्याच्याभोवती बसवा. वाद्य त्याचं, ताल सगळ्यांचा. एकट्याला कोपऱ्यात टॅबलेट देऊन बसवणं मी फार पाहिलंय. तिथे यंत्र चालतं, मूल मात्र कोपऱ्यातच राहतं.

प्रश्न: वडील एकटे असतात. भाऊ म्हणतो, त्यांच्यासाठी बोलणारा रोबोट आणू. मला ते क्रूर वाटतं. कोण बरोबर?

भांडण रोबोटवरून आहे की त्यांच्याकडे कोण जाणार यावरून, ते आधी दोघांनी एकमेकांना सांगा.

उत्तर असं: जपानमध्ये ताकानोरी शिबाता १९९३ पासून ‘पारो’वर काम करत होते. सील माशाच्या (मासा नाही खरं तर, पण आपण तसंच म्हणतो) पांढऱ्या पिल्लासारखा दिसणारा रोबोट, हात फिरवला की डोळे मिचकावतो, आवाजाकडे मान वळवतो. मांजर किंवा कुत्रा न करता सील का? कारण मांजर कशी असते हे आपल्याला पक्कं माहीत असतं, रोबोट-मांजरीची नक्कल लगेच उघडी पडते. सील कुणी पाळलेलाच नसतो. मला हा विचार फार शहाणपणाचा वाटतो. त्यात फसवणूक कमी आहे.

तो एका आजोबांच्या मांडीवर असताना मी पाहिलाय. आजोबा त्याच्याशी बोलत नव्हते, शेजारच्या बाईंशी त्याच्याविषयी बोलत होते. ‘याला भूक लागलीय बहुतेक.’ ‘छे हो, झोपलाय.’ एरवी त्या दोघांत आठवडाभरात एक वाक्य व्हायचं नाही. मांडीवर सील आणि शेजारी खुर्ची रिकामी, असं चित्र असेल तर तुम्ही बरोबर. खुर्चीत कुणी असेल तर भाऊ बरोबर.

आणि वडिलांना विचारलंत का? पत्रात कुठे दिसलं नाही.